अंतराळातल्या शब्दांच्या या चुका टाळा: आधी उंची विचारा

गेल्या खरिपात ई-पीक पाहणीच्या, म्हणजे फोनवरच्या ॲपमध्ये शेतातलं पीक नोंदवायच्या वेळी आमच्या शिवारातले एक आबा चिंचेखाली उभे राहून फोन आभाळाकडं धरत होते. ॲप म्हणत होतं, तुम्ही गटाच्या हद्दीबाहेर आहात. "सर, सॅटेलाइटलाच माझा गट सापडंना," आबा म्हणाले. मी त्यांना झाडाखालून उघड्यावर, सोयाबीनच्या मधोमध नेलं. लोकेशन बंद करून पुन्हा चालू केलं आणि दोन मिनिटं थांबलो. निळा ठिपका सरकत सरकत त्यांच्या गटात आला.

आबांसारखं बहुतेकांना वाटतं की जीपीएसचा उपग्रह वरून आपल्याला पाहतो. तो पाहत नाही. सुमारे 20,200 किलोमीटरवरून तो फक्त स्वतःची जागा आणि घड्याळातली वेळ सांगत राहतो. किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकून, ते पोचायला किती वेळ लागला यावरून फोनच आपली जागा काढतो. तुमचा फोन कुठं आहे हे उपग्रहाला माहीतही नसतं. दाट फांद्या, पत्र्याचं शेड, घराची भिंत आडवी आली की हे मुळातच क्षीण संदेश अडतात किंवा आपटून उशिरा येतात, आणि ठिपका शेजाऱ्याच्या रानात जातो.

मग वरून पीक पाहतं कोण? तो उपग्रहच निराळा. रिसोर्ससॅटसारखे कॅमेरेवाले उपग्रह 800 किलोमीटरच्या आसपास ध्रुवांवरून फिरतात. ही कक्षा सूर्यसमकालिक असते, म्हणजे उपग्रह दर खेपेला साधारण त्याच स्थानिक वेळेला डोक्यावरून जातो आणि सावल्या सारख्या पडल्यानं फोटोंची तुलना जमते. पण तो तुमच्या शेतावर थांबून राहत नाही, पुन्हा यायला काही दिवस जातात. शिवाय श्रावणात आभाळ भरलेलं असलं की त्या कॅमेऱ्याला ढगच दिसतात. ढगांतून पाहायला रडार लागतं. 30 जुलै 2025 ला गेलेला निसार हा रडारवाला उपग्रह त्यासाठीच आहे, तोही त्याच जागेवर पुन्हा त्याच वाटेनं 12 दिवसांनी येतो. "सॅटेलाइटवरून रोज दिसतं" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर कोणता उपग्रह, किती उंचीवर, हे जरूर विचारा. मी वर्गातही हीच सवय लावतो, कारण अर्धे घोटाळे उंची कळली की सुटतात.

टीव्हीची छत्री बघा. आपल्याकडच्या जवळपास सगळ्या छत्र्या दक्षिणेकडं तोंड करून असतात. कारण तो उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून एका जागी खिळल्यासारखा दिसतो. हा भूस्थिर. भूसमकालिक शब्द मात्र त्याच अर्थानं वापरू नका. भूसमकालिकाची फेरीही तेवढ्याच वेळेची, पण कक्षा कललेली असेल तर तो आभाळात आठचा आकडा काढतो. जीपीएससारखी आपली भारतीय यंत्रणा म्हणजे नाविक, तिच्यात दोन्ही प्रकारचे उपग्रह आहेत. आणि भर पावसात चित्र गेलं म्हणून पत्र्यावर चढून छत्री फिरवू नका. जोराचा पाऊस त्या लहरी शोषून घेतो, ओसरला की चित्र येतं. आभाळ निवळूनही आलं नाही, तर वाऱ्यानं छत्री हलली का किंवा समोर फांदी वाढली का, ते पाहा.

बातम्यांत नेहमी गल्लत होते ती रॉकेट आणि यानाची. 14 जुलै 2023 ला उडालं ते एलव्हीएम-3 रॉकेट, चांद्रयान-3 हे यान त्याच्या माथ्यावर होतं. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीतला ऊस यांत जेवढा फरक, तेवढाच इथंही. पेलोड म्हणजे वाहून न्यायचा माल. पण रॉकेटवाल्यांसाठी अख्खा उपग्रह पेलोड असतो, तर उपग्रहवाल्यांसाठी उपग्रहातला कॅमेरा किंवा उपकरण. बोलणारा कोण आहे ते पाहून अर्थ लावा.

"अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं" हे तर पोरं पाठच करून येतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून 400 किलोमीटरवर आहे, संभाजीनगर ते मुंबई अंतराहून थोडंच जास्त. तिथं जवळजवळ 90 टक्के गुरुत्वाकर्षण असतं. अंतराळवीर तरंगतात, कारण ते स्थानकासकट सतत पडत असतात, फक्त आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त असल्यानं जमीन लागत नाही. उपग्रहाला मुक्तिवेग लागत नाही तो त्यामुळंच. सेकंदाला 11.2 किलोमीटर हा वेग पृथ्वीला कायमचं सोडून जायला लागतो. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नव्हे, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असावं.

आता आपल्या दारातली गोष्ट. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय. एप्रिल 2023 मध्ये केंद्रानं 2,600 कोटींची मंजुरी दिली, तेव्हापासून "तिथून रॉकेट सुटणार" असं मी बाजारात, एसटीत, अगदी शिक्षकांच्या तोंडूनही ऐकलंय. तिथून काही सुटणार नाही. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेझर आणि आरसे, आणि दूरवर कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाल्यावर उठणाऱ्या लहरींनी भुजांच्या लांबीत अणूच्या गाभ्याहूनही लहान फरक पडला तर तो टिपायचा, असं ते काम आहे. गावच्या फलकावर, बातमीत, भाषणात त्याला अंतराळ केंद्र म्हणू नका. ती गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आहे.