बंदर शिकायचंय? आधी खापरं धुवायला बसा

प्राचीन बंदरांचा अभ्यास करायचा म्हणून मी बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात, पुरातत्त्व विभागात आले. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सगळ्यांना वाटलं, आता ही पोहायला, बुडी मारायला शिकणार. पण पहिल्या उत्खनन शिबिरात, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ, मी रोज बादलीपुढे बसून खापरं धुतली. आज सांगते, माझं खरं शिक्षण तिथंच झालं.

एका दुपारी जाड, पिवळसर मातीचा एक तुकडा हाती आला. आतून काळा. काजळी समजून मी ब्रश घासायला लागले, तर शेजारची ताई ओरडली, "अगं थांब! ते डांबर आहे."

तो 'टॉर्पेडो जार'चा तुकडा होता. खाली निमुळता होत जाणारा, कान नसलेला हा रांजण इराक–इराणच्या बाजूचा. आतला द्रव झिरपू नये म्हणून त्याला आतून डांबर फासत. भूमध्य सागराकडून येणाऱ्या 'अँफोरा' या रांजणाला मात्र दोन कान असतात. पूर्वी आपल्याकडे अशी बरीच खापरं सरसकट 'रोमन अँफोरा' म्हणून नोंदवली गेली, नंतर त्यातली कितीतरी टॉर्पेडो जारची निघाली. एका काळ्या थरावरून जहाज कुठून आलं हेच बदलतं! म्हणून आतली बाजू कधीही घासू नका. त्या लेपाची रासायनिक तपासणी होऊ शकते. आणि तुकडा उचलल्या उचलल्या ट्रेंच (खोदकामाचा चर), मातीचा थर आणि तारीख लिहा. संध्याकाळी लिहू म्हटलं की तो तुकडा गेलाच म्हणून समजा.

वाचनाची सुरुवात भरूचपासून करा. बडोद्याहून जेमतेम सत्तर किलोमीटर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात, 'पेरिप्लस'मध्ये, ते 'बारिगाझा' नावानं येतं. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी इतकी जबर, की राजाचे कोळी सौराष्ट्रापर्यंत पुढे जाऊन परदेशी जहाजांना वाट दाखवत आणत. माल काय? येताना दारू, त्यातही इटलीची पसंतीची. जाताना अकीक, हस्तिदंत, सुती कापड. हे वाचून मग नदीकाठी ओहोटीच्या वेळी उभं राहा, चिखल बघा. वाटाड्यांशिवाय का भागत नसे, ते लगेच कळतं. जुनं बंदर तिथं आजच्या गावाखाली आहे, त्यामुळे मनाजोगं खोदता येत नाही.

लोथलला, गुजरातेतल्या त्या हडप्पाकालीन गावी, जाल तेव्हा एस. आर. राव यांनी १९५५ पासून केलेल्या उत्खननाचा अहवाल वाचून जा. विटांच्या त्या मोठ्या हौदाला त्यांनी गोदी म्हटलं; काहींच्या मते ते पाणी साठवायचं तळं. दोन्ही बाजू वाचा आणि पाणी आत कुठून येत असेल, ते स्वतः चालून पाहा. मला रावांचं म्हणणं जास्त पटतं.

बुडी मारण्याचं प्रशिक्षण एम.ए.नंतरही घेता येतं. आधी दोन हिवाळे शिबिरात काढा. माझ्या त्या तुकड्यावर ब्रशच्या तीन रेषा अजून आहेत. नवीन मुलं आली की मी तोच आधी त्यांच्या हातात देते.