जुन्या कारखान्याच्या पुनर्विकासावर हरकत कशी नोंदवावी

बंद पडलेल्या ऐतिहासिक कारखान्याच्या जागेचा पुनर्विकास आराखडा जाहीर झाला की विरोधाची पत्रे भराभर लिहिली जातात. परंतु ‘वारसा वाचवा, पक्षी वाचवा’ एवढ्यावर थांबलेले पत्र सहज बाजूला ठेवता येते. कोणत्या इमारतीच्या कोणत्या भागात, वर्षाच्या कोणत्या काळात कोणता जीव राहतो आणि आराखड्यातील कोणत्या कामामुळे त्याला बाधा पोहोचेल, हे नकाशासह मांडलेल्या हरकतीला उत्तर देणे प्राधिकरणाला टाळता येत नाही.

हरकतींची अंतिम तारीख पाहून आराखडा, वारसा अहवाल आणि वन्यजीव सर्वेक्षण या तिन्हींच्या प्रती मिळवाव्यात.

सर्वेक्षण वाचताना निष्कर्षाआधी तारखा पाहाव्यात. थंड प्रदेशात वटवाघळे उन्हाळ्यात पिले वाढवायला एक जागा निवडतात आणि हिवाळी निद्रेसाठी बहुधा दुसरी, त्यामुळे एकाच भेटीत ‘काही आढळले नाही’ असे लिहिलेल्या अहवालावर विसंबता येत नाही. आपल्या नोंदी सार्वजनिक रस्त्यावरूनच, तारीख, वेळ आणि छायाचित्रासह ठेवाव्यात. मोडकळीस आलेल्या इमारतीत विनापरवानगी शिरू नये. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे नेमके ठिकाण प्राधिकरणाला कळवावे, पण चारचौघांत जाहीर करू नये.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते उघड्या जमिनीकडे. राख, खडी आणि भट्टीतील धातुमळी पसरलेली निकस जमीन ओसाड दिसते. मात्र तेथे जोमदार गवत माजत नाही, म्हणून रानफुले टिकतात आणि एकट्याने राहणाऱ्या मधमाश्यांना बिळे करायला उबदार माती मिळते. इंग्लंडमधील कॅन्व्ही विक या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी घेतलेल्या जागेला 2005 मध्ये संरक्षण मिळाले, ते प्रामुख्याने तिच्यावरील कीटकांमुळे. विषारी माती काढण्याच्या नावाखाली सगळा वरचा थर खरवडला जाणार असेल, तर प्रदूषण नेमके कोठे आहे याचा नकाशा मागावा आणि उरलेली जमीन तशीच ठेवता येईल का, हे विचारावे.

वारसाप्रेमी आणि निसर्गप्रेमी यांनी हरकत दाखल करण्यापूर्वी एकत्र बसणे मला अत्यावश्यक वाटते. भिंतीची दुरुस्ती करताना दगड-विटांमधल्या दरजा भरल्या की वटवाघळांची वाट बंद होते. उलट भिंतीत मुळे धरलेले झाड तसेच राहू दिले तर भिंत कोसळू शकते. हा तिढा आपसांत सुटला नाही तर विकासक दोन्ही पत्रे एकमेकांविरुद्ध वापरू शकतो. जर्मनीतील डुइसबुर्ग येथील 1985 मध्ये बंद झालेला लोखंडाचा कारखाना झोतभट्ट्यांसह राखून तेथे उद्यान उभे राहिले आणि आपोआप उगवलेल्या झाडोऱ्यालाही त्यात जागा मिळाली. असे उदाहरण संयुक्त हरकतीला जोडता येते.

मागण्यांचा क्रम ठरलेला असावा: आधी हानी टाळणे, मग कमी करणे, आणि भरपाई सर्वांत शेवटी. दुसरीकडे झाडे लावण्याचे आश्वासन जुन्या धुराड्यातील घरट्याची जागा भरून काढत नाही. प्रकल्प मंजूर होणारच असेल, तर विणीच्या हंगामात पाडकाम न करणे, स्वतंत्र तज्ज्ञाची देखरेख, अनेक वर्षांच्या निरीक्षणासाठी राखीव निधी आणि जागा विकली गेल्यास नव्या मालकावरही हेच बंधन, या अटी परवानगीपत्रातच लिहून घ्याव्यात.