मेंदूची रक्तवाहिनी जन्मतः वेगळी असेल तर स्ट्रोकमध्ये या चुका टाळा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडचे एक आजोबा सकाळी उठेचनात. हाक मारली की ‘हं’ म्हणायचे, पुन्हा डोळे मिटायचे. तोंड वाकडं नव्हतं, हातपाय हलत होते. ‘रात्री उशिरा झोपलेत, झोपू दे,’ म्हणत घरच्यांनी दुपार केली. आमच्याकडे आणले तेव्हा साधा सीटी स्वच्छ होता. एमआरआयमध्ये मात्र दोन्ही थॅलॅमसना, म्हणजे मेंदूच्या खोलवर असलेल्या, जागं ठेवणाऱ्या भागांना, स्ट्रोक झालेला दिसला.

थॅलॅमसला सहसा डावी-उजवीकडून वेगवेगळ्या बारीक वाहिन्या रक्त देतात. काहींमध्ये दोन्हींकडे एकाच खोडातून रक्त जातं, तिला पर्शेरॉनची धमनी म्हणतात. ती बंद पडली की लकवा न मारताही माणूस गुंगीत जातो. अचानक गुंगी आली, एकाचे दोन दिसू लागले, तर साखर तपासा, पण साखर नॉर्मल निघाली म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्याआधी हॉस्पिटलला विचारा, सीटी आणि गुठळी काढायची सोय आत्ता चालू आहे का?

पुढच्या चुका आम्हा डॉक्टरांच्या. मेंदूच्या मागच्या भागाची वाहिनी काहींमध्ये थेट कॅरोटिडमधूनच, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीतूनच, निघते. अशा वेळी मानेतल्या कॅरोटिडच्या गुठळीने अर्धी नजरही जाऊ शकते. ‘मागचा स्ट्रोक, कॅरोटिडचा काय संबंध?’ म्हणून तो अडथळा सोडून देणं महागात पडतं. उलट, जन्मतःच बारीक असलेली वाहिनी बंद पडल्यासारखी दिसते. लक्षणांशी ताळा न जमवता गुठळी काढायला तिच्यात तार घातली, तर ती फाटू शकते.

सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा नकाशा दाखवणारा स्कॅन, फक्त डोक्याचा करू नका, छातीतल्या महाधमनीच्या कमानीपासून करा. डावी कॅरोटिड उजवीकडच्या खोडातून निघत असेल, तर गुठळी काढायला जांघेतून नेलेला कॅथेटर (बारीक नळी) वळवताना मिनिटं जातात. आधी कळलं तर मनगटातून जाता येतं.

मात्र या नकाशासाठी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रोखून धरू नका. रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तिथपासून साधारण ४.५ तासांच्या आत ते द्यायचं असतं. आजोबांच्या बाबतीत ती वेळ आदल्या रात्रीची होती.

डिस्चार्ज देताना वाहिनीतलं वेगळेपण कार्डावर ठळक लिहून द्या. घरच्यांनी त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. मध्यरात्री कपाटातली फाइल सापडत नाही.