डाएट नंतर करा, आधी घर आणि येण्या-जाण्याचा रस्ता बदला

वजन वाढलं की पहिला दोष जिभेला आणि दुसरा आळसाला. पण ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या कुठल्याही टॉवरमधला एक दिवस बघा ना, लिफ्टने खाली पार्किंगमध्ये, तिथून गाडी नाहीतर कंपनीची बस, ऑफिसात परत लिफ्ट, दिवसभर खुर्ची, येताना मानपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये बसून आणि घरी आल्यावर भाजीपासून आइस्क्रीमपर्यंत सगळं दारात. यात आळशी कोण? चालायची गरजच कुठे उरली नाही आणि खाणं मात्र बसल्या जागी येतंय. म्हणून करायचं एवढंच, खाणं जरा लांब न्यायचं आणि चालणं जरा जवळ आणायचं.

आधी मोजमाप. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता (फोटो काढत नाहीये कुणी). आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात, बीएमआयसुद्धा (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा, कारण आपल्या लोकांची चरबी पोटावर जास्त साठते आणि डायबेटिस कमी वजनातही गाठतो. मग फोनमधली पावलं बघा, पण ऑफिसच्या दिवसांची, रविवारी उपवन तलावाला मारलेल्या फेरीची नाही.

आता किचन, आणि इथे खरी गंमत आहे. तेलाचा कॅन फोडाल त्या दिवशी मार्करने त्याच्यावर तारीख टाका. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरीच्या ताटात दिवसाला तेल-तूप धरून २७ ग्रॅमच्या आसपास बसतं, म्हणजे चार माणसांना महिन्याला साधारण सव्वातीन किलो, आणि त्यात तूपही आलं. पाच लिटरचा कॅन महिनाअखेरीआधीच संपत असेल तर कोण किती पोळ्या खातो हा वाद घालण्यात अर्थ नाही, फोडणीचा चमचा छोटा करा आणि कॅनमधून थेट कढईत ओतणं बंद. बाहेरून आलेली ग्रेव्ही आणि फरसाण तर या हिशोबात धरलेलंच नाही.

फरसाण-बिस्किटांचे डबे ओट्यावरून उचलून वरच्या माळ्यावर, आणि ओट्यावर केळी, पेरू, काकडी. ऐकायला बालिश वाटतं पण येता-जाता समोर दिसतं तेच तोंडात जातं. पाकिटातल्या खाण्याबद्दल एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे, २०१९ मध्ये अमेरिकेत केविन हॉल या संशोधकाच्या टीमने २० जणांना संशोधन केंद्रातच मुक्कामाला ठेवून दोन आठवडे फॅक्टरीत बनलेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या ताटात कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखंच, हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. फॅक्टरीवाल्या खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढली. शिवाय जेवतही होती भराभर. म्हणजे "मला कंट्रोलच नाही" हे रडगाणं निम्मं तरी पाकिटाच्या नावावर टाकायला हरकत नाही.

डिलिव्हरी अ‍ॅप डिलीट करा असं मी सांगणार नाही, कुणी करत नाही. फक्त सेव्ह केलेलं कार्ड काढा, नोटिफिकेशन बंद करा आणि घरात नियम ठेवा की जे खावंसं वाटतं ते खाली जाऊन आणायचं. नवी मुंबईकरांना तर सबबच नाही, शहर वसवणाऱ्या सिडकोने नोड (म्हणजे नेरुळ, खारघरसारखे भाग) आखतानाच सेक्टरात दुकानं आणि मार्केट ठेवलीयेत, तरी नेरुळमध्ये कोथिंबिरीची जुडी बाइकवरून येते!

ऐरोली-महापेला ऑफिस असणाऱ्यांचा खरा घोळ संध्याकाळचा. दुपारी एकला डबा आणि घरी जेवण साडेनऊ-दहाला, मध्ये एवढा वेळ पोट रिकामं, मग स्टेशनबाहेर वडापाव आणि वर घरी पूर्ण जेवण. बॅगेत भाजलेले चणे किंवा फळ ठेवा आणि साडेपाच-सहाला खाऊन टाका, वडापाव शनिवारी आवडीने खा. कोल्ड्रिंक मात्र पूर्ण सोडा, ३०० मिलीच्या बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते आणि पोट भरत नाही ते नाहीच.

चालण्याचं बोलायचं तर घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर चाला असं सांगणं म्हणजे थट्टा, फुटपाथ आहे तिथे गाडी लावलेली असते. त्यामुळे तुकड्या-तुकड्यांत करा. शेअर रिक्षा एक स्टॉप आधी सोडा, सोसायटीच्या पोडियमवर (पार्किंगच्या वरची मोकळी जागा) जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, फोन आला की उभं राहून बोला, लिफ्ट तीन मजले आधी सोडून जिना चढा (गुडघे दुखत असतील तर नको). ठाण्याचा कचराळी तलाव, खारघरचं सेंट्रल पार्क, नेरुळचं ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यान जवळ असेल तर सोन्याहून पिवळं. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं होतंय का एवढं बघा. पोरांना सायकलवर क्लासला पाठवणं रस्ता बघूनच, पण स्कूल बसपर्यंत तरी गाडीने सोडू नका.

रात्री बेडरूममध्ये चार्जर ठेवू नका, म्हणजे फोन बाहेर राहील आणि झोप वेळेवर लागेल. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि गोड-तळलेलंच हवं होतं, शिवाय जागं असलं की अकराला फ्रिज उघडला जातोच.

टेप महिन्यातून एकदाच लावा, त्याच जागी, सकाळी. आणि हे सगळं करूनही वजन झपाट्याने वाढत असेल, किंवा सोबत पाळी बिघडलीये, सूज आहे, खूप थकवा आहे, स्टेरॉइडसारखं औषध चालू आहे, तर फॅमिली डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड आणि शुगर तपासून घ्या, औषध मात्र मनाने बंद करू नका.