एखाद्या दुकानदाराचं दुकान ऑनलाईन न्यायचंय ना, मग वेबसाईट सगळ्यात शेवटी करा

बहुतेक जण उलटं करतात, आधी वेबसाईट, मग लोगो, मग बॅनरचा रंग कुठला यावर दोन आठवडे, आणि माल चढवायला बसलं की कळतं की वस्तूंची यादी फक्त दुकानदाराच्या डोक्यात आहे, कागदावर काहीच नाही. झालं, काम तिथंच अडकतं.

म्हणून आधी एक शीट बनवा. कोड, नाव, साईज किंवा रंग, किंमत, शिल्लक, बस. साईज बदलली की ओळ नवीन आणि कोडही नवीन. वस्तूवर बारकोड असेल तर तोच कोड धरा, टाईप करू नका, मोबाईलने स्कॅन करा. फक्त तो कॉलम आधी टेक्स्ट करून ठेवा नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं आणि मोठ्या आकड्याचं ई+१२ असलं काहीतरी करतं, आणि तसंच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या यादीची साधी फाईल) म्हणून सेव्ह केलं की मूळ नंबर गेला तो गेलाच. १३ आकडी बारकोड हातानं टाकावाच लागला तर तपासायची सोय आहे: पहिले १२ आकडे डावीकडून आलटून पालटून १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, आणि पुढच्या दहाच्या पटीला जायला जेवढे कमी पडतात तोच १३वा आकडा असायला हवा. शीटमध्ये एकदा फॉर्म्युला लावला की चुकलेला कोड बहुतेक वेळा तिथल्या तिथं सापडतो.

फोटोसाठी एक युक्ती सांगतो. आधी बारकोडचा फोटो काढा, लगेच वस्तूचा, असं ओळीनं. मग छोटी स्क्रिप्ट, म्हणजे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, बारकोड वाचून पुढच्या फोटोला तेच नाव देते, फोटोची साईजही कमी करून टाकते. कुठला फोटो कशाचा हे शोधत बसायला नको.

आता माल चढवा. वूकॉमर्स आणि शॉपिफाय ही ऑनलाईन दुकान बनवायची साधनं, दोन्हीत सीएसव्हीवरून एकदम चढवायची सोय आहे. आधी पाच वस्तू टाकून बघा, मग बाकीच्या. आणि सेव्ह करताना यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट साठवणारा प्रकार) निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

खरी मारामारी स्टॉकची. गल्ल्यावर शेवटचा नग विकला गेला आणि त्याच मिनिटाला ऑनलाईन ऑर्डर पडली, हे होणारच. आता दुकानदाराला सांगितलं की प्रत्येक विक्री दोन ठिकाणी लिहा, तर तो तीन दिवस लिहील, चौथ्या दिवशी गर्दी असेल आणि संपलं. त्याचा हात आधीच जिथं जातो तिथूनच डेटा उचला. बिलिंगचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातून फाईल काढता येते, ती ठरलेल्या वेळी उचलून शिल्लक अपडेट करणारी स्क्रिप्ट लावा. नसेल तर दोन नग राखून ठेवा, वूकॉमर्समध्ये आउट ऑफ स्टॉकची मर्यादा २ केली की दोन उरले तरी वस्तू संपली असं दिसतं. एखादी विक्री हुकेल पण पैसे परत करायची कटकट वाचते, मला तरी हा सौदा परवडतो.

ऑर्डर आली की दुकानदाराला कळवायला झेपियर, मेक, एनएटएन (n8n) या आपोआप कामं करणाऱ्या सेवांपैकी काहीही चालेल, किंवा गूगल शीटमध्येच लिहायची अ‍ॅप्स स्क्रिप्ट. ती दर मिनिटाला चालवता येते पण एकदा सुरू झाली की ६ मिनिटांत काम उरकायला हवं. पैसे आले का हे पेमेंट गेटवेच्या (ऑनलाईन पैसे घेणारी सेवा) वेबहुकवरूनच, म्हणजे ती सेवा आपल्या सिस्टीमला आपोआप पाठवते त्या निरोपावरूनच ठरवा, ग्राहकानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर कधीच नाही. आणि तोच वेबहुक कधीकधी दोनदा येतो, त्यामुळे ऑर्डर नंबर आधी नोंदलाय का हे बघूनच पुढं जा, नाहीतर एका ऑर्डरीचा माल दोनदा बाहेर.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या साध्या अ‍ॅपमध्ये स्वागताचा मेसेज, दुकान बंद असल्याचा मेसेज, क्विक रिप्लाय एवढं मिळतं, सुरुवातीला पुरे. एपीआय (आपल्या प्रोग्रॅममधून व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवायची सोय) घेतलात तर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासच मोकळेपणानं लिहिता येतं, त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं आधी मंजूर केलेलं टेम्प्लेट, म्हणजे ठरीव मजकूरच लागतो.

तक्रारींना मात्र ऑटो रिप्लाय लावू नका. मी एकदा सरसकट लावला होता, एकीनं लिहिलं माल फुटलेला आला, तिला उत्तर गेलं "धन्यवाद, पुन्हा अवश्य भेट द्या". फोन करून माफी मागावी लागली 😅

सगळी खाती दुकानदाराच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर उघडा. आणि शीटच्या वरच्या कोपऱ्यात एक खाना ठेवा, त्यात "बंद" लिहिलं की स्क्रिप्ट काहीच करणार नाही, म्हणजे तुमचा फोन लागत नसताना काही बिनसलं तर तो स्वतःच थांबवू शकेल.