छोट्या इराणी खानावळीत काय मागवावं, कसं खावं

इराणी म्हटलं की मुंबई-पुण्यात बनमस्का आणि पानी कम चहा डोळ्यांपुढे येतो. इथे त्या कॅफेंबद्दल नाही, तर 1979 च्या क्रांतीनंतर देश सोडलेल्या इराणी कुटुंबांनी लॉस एंजेलिसच्या वेस्टवुडमध्ये, टोरांटोच्या यंग स्ट्रीटवर, लंडनमध्ये थाटलेल्या आठ-दहा टेबलांच्या खानावळींबद्दल सांगायचं आहे.

जाण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: तहदीग आहे का, आणि दिझी, म्हणजे मडक्यात शिजवलेलं मटण-हरभऱ्यांचं कालवण, कधी मिळते. तहदीग म्हणजे भाताची खरपुडी. तह म्हणजे तळ, दीग म्हणजे आपली देग. तांदूळ मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवून वेळतात, भांड्याच्या तळाशी तेल-तुपावर भात, बटाट्याच्या चकत्या किंवा लवाश रोटी लावतात आणि वर भात रचून, झाकणाला फडकं गुंडाळून दम देतात. एका भांड्याला तळ एकच, म्हणून उशिरा येणाऱ्याला तहदीग मिळत नाही. खुर्चीत बसल्याबरोबर ती सांगून ठेवावी. सोबत थोडा खोरेश्त, म्हणजे रस्सा, वर ओतून घ्यावा. मात्र लगेच खावी, पाच-सात मिनिटांत ती मऊ पडते.

आधी गरम रोटी आणि सब्जी खोर्दानचं ताट येतं: तुळशीच्या जातीची रेहान, पुदिना, मुळा, कांद्याची पात, पनीर, अक्रोड. रोटीच्या तुकड्यात पनीर आणि दोन-चार पानं गुंडाळून खावीत, पण इथेच पोट भरू नये. भाताची ताटं मोठी असतात.

चौघांसाठी चार ताटं मागवू नयेत. एक काकडीचं दही (मास्तो-खियार, मास्त म्हणजे दही), वांग्याचा एक प्रकार, एक कबाबाचं ताट, एक खोरेश्त, एक पोलो (पुलाव) आणि तहदीग एवढं पुरतं. कबाबात पहिल्या वेळी सोल्तानी घ्यावा: खिम्याचा कूबिदे आणि सपाट कापाचा बर्ग दोन्ही एकाच ताटात मिळतात. पोलोत झेरेश्क पोलो घ्यावा, झेरेश्क नावाच्या आंबट लाल बेरी घातलेला भात, सोबत केशरी रश्श्यातली कोंबडी. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानिया या इराणी कॅफेचा बेरी पुलाव याच घराण्यातला. फेसेंजान हा अक्रोड आणि डाळिंबाच्या आटवलेल्या रसाचा काळपट, आंबटगोड रस्सा मात्र वाटूनच घ्यावा. एकट्याला अख्खं ताट जड होतं, आणि अक्रोडाची ॲलर्जी असेल तर त्याला हातच लावू नये.

शाकाहारींनी घोर्मे सब्जीच्या नावावर जाऊ नये. सब्जी म्हणजे पालेभाजी खरी, पण त्यात मटण किंवा बीफ असतं. मिर्झा घासेमी या भाजलेल्या वांग्याच्या पदार्थात अंडं असतं. कूबिदेच्या खिम्यात अनेकदा बीफ मिसळतात. खात नसाल तर आधी विचारावं.

कबाब आला की तोच आधी संपवावा. गार झाला की त्यातली चरबी थिजते. खोरेश्त थांबू शकतो. लोण्याची वडी गरम भाताखाली सारावी, भाजलेला टोमॅटो साल काढून भातात कुस्करावा, वरून सुमाकची आंबट पूड भुरभुरावी. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या. सुरी बहुधा मांडतच नाहीत, कारण कूबिदे चमच्याच्या कडेनं तुटायला हवा. मिरची मागण्यात अर्थ नाही, हा स्वयंपाक आंबटावर चालतो. जिभेला झणका हवाच असेल तर तोर्शी, म्हणजे व्हिनेगरमधलं लोणचं, घ्यावं. रश्श्यात काळपट वाळलेलं लिंबू दिसेल ते चमच्यानं दाबून रस काढावा आणि बाजूला ठेवावं. चावलं तर कडू लागतं.

दिझी हा खरा वेळ काढून खायचा पदार्थ. मटण, हरभरे, पांढरे घेवड्याचे दाणे, बटाटा, टोमॅटो कित्येक तास मंद आंचेवर शिजवतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती दुपारीच किंवा ठरावीक वारीच मिळते. मडकं उकळतंच येतं. फडक्यानं धरून पातळ रस्सा वाडग्यात गाळावा, त्यात संगक रोटी चुरून आधी ते खावं. मग मडक्यातली हाडं आणि वाळलेलं लिंबू न विसरता काढावं. लिंबू राहिलं की सगळा लगदा कडवट होतो. उरलेलं गूश्तकूब नावाच्या बत्त्यानं चांगलं ठेचावं. चरबीचा तुकडा टाकू नये, ठेचलेल्याला मऊपणा त्यानंच येतो. मग रोटी, कच्चा कांदा आणि तोर्शी.

सोबत दूघ घ्यावं: मीठ आणि वाळवलेला पुदिना घातलेलं ताक, कधी सोडावॉटरसारखं फसफसणारं. शेवटी बिनदुधाचा चहा. खडीसाखरेचा किंवा साखरेचा खडा दातांत धरून त्यावरून चहाचा घोट घेतात.

बिल मागितल्यावर मालक ‘गाबेल नदारे’ म्हणतील, म्हणजे ‘एवढं काय त्यात’. हा तारोफ, निव्वळ शिष्टाचार. फुकट समजून उठू नये. हसून दोन-तीनदा आग्रह केला की पैसे घेतात. लंडनमध्ये सेवाशुल्क बहुधा बिलातच धरलेलं असतं, टिप ठेवण्याआधी ते पाहून घ्यावं.