युरोपातील अनियंत्रित राजेशाही का उभी राहिली: कारणे कशी मांडावीत

सरंजामशाहीचा ऱ्हास, मध्यमवर्गाचा उदय, तोफांचा वापर, धर्मसुधारणा (कॅथलिक चर्चपासून प्रॉटेस्टंट पंथ फुटले ती चळवळ), दैवी हक्काचा सिद्धांत (राजाची सत्ता थेट देवाने दिलेली). या प्रश्नाचे उत्तर बहुधा अशा यादीनेच सुरू होते आणि यादीनेच संपते. यादीत खोटे काही नाही. पण यातले जवळजवळ प्रत्येक कारण इंग्लंडला आणि बरेचसे पोलंडलाही लागू पडते, आणि तिथे अनियंत्रित राजेशाही रुजली नाही. मग ही कारणे पुरेशी कशी? उत्तर इथेच लंगडे पडते.

आधी व्याख्या आवळून घ्या. अनियंत्रित राजा म्हणजे मनाला येईल ते करणारा राजा नव्हे. कायदा करायला, कर बसवायला आणि खडी फौज ठेवायला ज्याला कुठल्याही प्रतिनिधी सभेची संमती घ्यावी लागत नाही, तो अनियंत्रित. व्याख्या अशी केली की प्रश्नही नेमका होतो: पूर्वी ही संमती लागत होती, ती कशी सुटली?

उत्तराचा कणा म्हणून युद्धाचा खर्च घ्या. सुरुवात फ्रान्सपासून करणे सोयीचे. इंग्लंडशी शंभर वर्षांचे युद्ध चालू असताना, 1439 मध्ये, सातव्या चार्ल्सने सैन्य उभारण्याचा हक्क फक्त राजाचा, असा हुकूम काढला. त्यानंतर ‘ताय’ हा थेट कर दरवर्षी, इस्टेट्स जनरल या देशभरच्या प्रतिनिधी सभेला न विचारता वसूल होऊ लागला. 1445 मध्ये त्यातूनच पगारी घोडदळाच्या कायम तुकड्या उभ्या राहिल्या. मग सरदार गप्प का बसले? कारण ‘ताय’ त्यांना लागू नव्हता. कर कोण भरतो आणि कोण भरत नाही, हे प्रत्येक देशाबाबत विचारा. निम्मे कोडे तिथेच सुटते.

तोफांचा मुद्दाही पैशाच्या वाटेनेच आणा. ‘तोफांनी गढ्या पाडल्या आणि सरदार संपले’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. सोळाव्या शतकात इटलीत तोफांना तोंड देणारे बुटक्या, जाड, कोनदार बुरुजांचे किल्ले बांधले जाऊ लागले आणि वेढे पुन्हा महिनोन्महिने रेंगाळू लागले. नवे किल्ले, तोफखाना आणि वाढते पायदळ हा सारा भार एकट्या सरदाराला पेलणारा राहिला नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजेचा आकडा 1690 च्या दशकात कागदावर सुमारे चार लाखांवर गेला होता.

यानंतरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच गाळला जातो: राजाने सरदारांना चिरडले कमी, त्यांच्याशी सौदा जास्त केला. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याचे. 1653 मध्ये तिथल्या सभेने इलेक्टर (तिथल्या राज्यकर्त्याची पदवी) फ्रेडरिक विल्यमला फौजेसाठी सहा वर्षांत 5,30,000 थालर (चांदीची नाणी) द्यायचे कबूल केले. बदल्यात युंकर जमीनदारांना शेतकऱ्यांवरचे हक्क पक्के करून मिळाले. शेतकरी भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला, नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही शेतकऱ्याच्याच गळ्यात पडली. पुढे युद्ध पेटल्यावर इलेक्टरने त्याच फौजेच्या जोरावर संमतीशिवाय कर वसूल केला, आणि सगळ्या प्रांताची तशी सभा त्याने पुन्हा बोलावली नाही. पैशातून फौज, फौजेतून पैसा, आणि मधली सभा बाद. हा क्रम उत्तरात जसाच्या तसा दाखवा.

फ्रान्समधला सौदा जास्त गुंतागुंतीचा होता. तिथे सरकारी पदे विकली जात. 1604 च्या ‘पोलेत’ करानुसार पदाच्या किमतीचा साठावा भाग दरवर्षी भरला की ते पद वारसाकडे जाई. खजिन्यात पैसा आला, पण मेख अशी की विकत घेतलेल्या पदावरचा माणूस काढता येत नाही. म्हणून राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू याने 1630 च्या दशकात प्रांतोप्रांती इंटेंडंट नावाचे अधिकारी धाडले: राजाच्या हुकमाने नेमलेले आणि हुकमासरशी परत बोलावता येणारे. पदे विकत घेतलेल्यांना हे खुपले. 1648 मध्ये पॅरिसच्या पार्लमाँने, म्हणजे वरिष्ठ न्यायालयाने, इंटेंडंट हटवण्याची मागणी केली आणि ‘फ्रोंद’चे बंड पेटले. ते 1653 मध्ये विझले. ‘मध्यमवर्गाने राजाला साथ दिली’ असे एका ओळीत लिहून मोकळे झालात तर हा संघर्ष पूर्ण निसटतो.

धर्माचा मुद्दा दोन भागांत तोडा. चर्चची मालमत्ता राजाकडे आली ती डेन्मार्क, स्वीडन, इंग्लंड अशा प्रॉटेस्टंट देशांत. फ्रान्सच्या राजाला त्याची गरजच पडली नाही. 1516 च्या बोलोन्या कराराने बिशप नेमण्याचा हक्क त्याला पोपकडूनच मिळाला होता. फ्रान्समध्ये धर्माने वेगळे काम केले: यादवीची दहशत. 1562 ते 1598 अशी कॅथलिक-प्रॉटेस्टंट धर्मयुद्धे, 1572 चे प्रॉटेस्टंटांचे सेंट बार्थोलोम्यू हत्याकांड, 1589 मध्ये राजा तिसऱ्या हेन्रीचा खून. फ्रेंच विचारवंत बोदँचा अविभाज्य सार्वभौमत्वाचा विचार, म्हणजे सर्वोच्च सत्ता वाटून घेता येत नाही हा, 1576 चा, म्हणजे या रक्तपातातलाच. दैवी हक्काचा सिद्धांत याच्या जोडीला ठेवा, पण पहिले कारण म्हणून नको. इंग्लंडच्या पहिल्या जेम्सचाही त्यावर विश्वास होता. त्याने करांची संमती काही सुटली नाही.

आता कारणे पारखून घ्या. इंग्लंडला समुद्राचे कुंपण होते, त्यामुळे मोठी खडी फौज ठेवायचे निमित्त राजाला मिळाले नाही, आणि आरमार गावोगाव जाऊन कर वसूल करू शकत नाही. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने 1634 पासून आरमाराच्या नावाने ‘जहाजपट्टी’ हा कर लावून पार्लमेंटला वळसा घातला. 1640 मध्ये स्कॉटलंडशी युद्धाचा खर्च अंगावर येताच पार्लमेंट बोलवावेच लागले. पोलंडला मात्र समुद्राचे कुंपण नव्हते, शेजारीही आक्रमक होते. तिथे 1572 नंतर राजा निवडला जाई आणि शेतकऱ्यांवरची पकड सरदारांकडे आधीच होती. राजाकडून विकत घ्यावे असे त्यांना काही उरलेच नव्हते. डेन्मार्कमध्ये उलटा सौदा झाला: स्वीडनशी युद्धात खजिना रिता झाल्यावर 1660 मध्ये नगरवासी आणि धर्मगुरू करमाफी भोगणाऱ्या सरदारांविरुद्ध राजाच्या बाजूने उभे राहिले. 1665 मध्ये तर राजाची अनियंत्रित सत्ता कायद्यात लिहूनच ठेवली गेली.

दोन ठिकाणी पाय घसरतो. पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्यात दरबार कायमचा हलला 1682 मध्ये, लुईने कारभार स्वतःकडे घेतल्यावर वीसेक वर्षांनी. ते सत्तेचे फळ आहे, कारणांच्या परिच्छेदात त्याला जागा नाही. आणि ‘मीच राज्य’ हे लुईच्या तोंडी घातलेले वाक्य पुरावा म्हणून वापरू नका, त्याला समकालीन आधार नाही. त्याऐवजी लांगडॉक आणि ब्रिटनी या फ्रेंच प्रांतांच्या सभांविषयी लिहा. इस्टेट्स जनरल 1614 नंतर 1789 पर्यंत भरली नाही, पण या सभा लुईच्या काळातही भरत होत्या, आणि तिथे राजाच्या माणसांना कराच्या रकमेवर घासाघीस करावी लागे.